खरं वाचणारी

पूनम सागर, मीरा रोड
१४ ऑगस्ट १९९४

प्रिय नीलमताई,

मावशीने परवा फोनवर आईला सुनावलं म्हणे, की तुमच्या सुरुचीला नाशिकचा पत्ता विसरायला झाला की काय. तिला सांग, विसरले नाही, पण मरायलाही फुरसत नाही. विद्यापीठाने डिसेंबरात सगळ्या कॉलेजांची पर्यावरण प्रदर्शनाची स्पर्धा ठेवलीय आणि आमच्या गटाची प्रमुख म्हणून सरांनी माझं नाव दिलंय. पहिल्या येणाऱ्या गटाला दिल्लीला नेणार आहेत. पुढे एम.एस्सी.ला प्रवेश घेताना त्याचा उपयोग होतो, असं सर म्हणाले. तेव्हापासून आई मला कोथिंबीरसुद्धा निवडायला सांगत नाही, यातच काय ते समज.

सुरुवात म्हणून मी एक प्रश्नावली काढली. 'सरकारचं पर्यावरण धोरण आणि आजचा विद्यार्थी'. किनाऱ्याचा नवा नियम कडक पाळावा का, खाडीतली तिवरं तोडणाऱ्याला शिक्षा व्हावी का, असले प्रश्न. वर्गातल्या सगळ्यांनी धडाधड 'हो' वर खुणा केल्या. जितेंद्र म्हणाला, तिवर म्हणजे काय ते आधी सांग, मग हो म्हणतो. मी सांगितलं, खाडीच्या चिखलात उगवतं ते झाड, त्याने हो म्हटलं. शेवटचा प्रश्न होता, 'पर्यावरणासाठी तुम्ही स्वतः काय सोडाल?' तो बहुतेकांनी कोरा ठेवला. चंदनने लिहिलं, 'परीक्षा.' ते सोड. सगळे कायद्याच्या बाजूने, असा छान निकाल लागत होता. मी तक्ता करायलाही घेतला होता, हिरव्या रंगात.

आणि एका बयेने सगळ्यावर बोळा फिरवला. सुगंधा नाव. भाईंदर वेस्टला मोरवा गाव आहे, तिथली. कोळ्याची पोर. तेल चोपडून दोन वेण्या, आणि डब्यात रोज सुकट. आम्ही खिडकीकडे सरकून बसतो. तिने सगळीकडे 'नाही' केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'रॉकेल मिळत नाही, गॅसचा नंबर लागत नाही, मग आमच्या आयांनी कशावर रांधायचं, हा प्रश्न यात का नाही?' सरांनी तो कागद वर्गात उभ्याने वाचून दाखवला. म्हणाले, एवढ्या गठ्ठ्यात विचार करून लिहिलेला हा एकच कागद आहे. माझ्या देखत. मी प्रमुख, प्रश्न माझे, रात्रभर बसून कार्बन लावून मी ते काढले, आणि कौतुक त्या बाईचं. वर सरांनी तिला माझ्या गटात घेतलं. आता तीच माझ्याकडे बघून लाजून हसते. असं डोकं फिरतं म्हणून सांगू.

तुला वाटेल मी जळतेय. जळतेच आहे. पण ताई, ती चुकीची आहे की नाही सांग. त्यांनी तिवरं तोडायची आणि आम्ही शुद्ध हवेसाठी भाषणं करायची, हा कुठला न्याय. आमच्या बिल्डिंगखालची खाडीतली भरणी नवीन आहे, पावसात जिन्यात खेकडे येतात, तरी आम्ही काही तक्रार करतो का. तू एम.ए.ला मराठी घेतलंयस, तुझं डोकं तिरकं चालतं. हिला जागा कशी दाखवायची ते सुचव. मावशीला नमस्कार.

तुझी
सुरू


नाशिक
२७ ऑगस्ट १९९४

प्रिय सुरू,

पत्र हॉस्टेलच्या खोलीत मोठ्याने वाचलं. 'परीक्षा' लिहिणाऱ्या त्या चंदनला माझ्यातर्फे चहा पाज.

तुझं चुकतंय ते एवढंच, की तू तोंड सुजवून बसलीयस. अशाने सगळ्यांना कळतं की तुला लागलं. अगं, गुळाने मरतो त्याला विष कशाला द्यायचं. तिच्याशी मैत्री कर. तिचा डबा खा. सुकटीचा वास येतो तर रुमालाला अत्तर लाव, पण खा. त्या मुली फार लवकर जीव लावतात, मला इथल्या खोलीतल्या एकीवरून ठाऊक आहे. मग तिच्या घरी जा. ज्या घराची ती बाजू घेते तेच घर प्रदर्शनात मांड. तक्ते कोण वाचतं. लोक फोटो बघतात. तोडलेल्या तिवराची मोळी डोक्यावर घेतलेली बाई, आणि तीसुद्धा तिचीच आई, असा मोठा फोटो लागला की तिने लिहिलेला 'नाही' तिच्याच घशात जातो. तुला तोंडही उघडावं लागणार नाही.

फोटोखाली काय लिहायचं ते मी देईन. ते काम तुझं नाही. तुझ्या शाळेतल्या निबंधांचे शेवट मीच लिहीत होते, हे विसरू नकोस.

बाकी बरं. मला बघायला एक मंडळी येणार आहेत दिवाळीनंतर. घराणं सुधारक आहे म्हणे, हुंडा घेत नाहीत, फक्त फ्लॅटला थोडा हातभार लावा म्हणतात.

तुझी
नीलमताई


पूनम सागर, मीरा रोड
१८ ऑक्टोबर १९९४

प्रिय नीलमताई,

तू साक्षात चाणक्य आहेस. सुकट खाल्ली. चांगली लागते गं, पण हे कुणाला सांगू नकोस. आठवडाभरात सुगंधा मला 'सुरुची' ऐवजी 'सुरू' म्हणायला लागली, आणि परवाच्या रविवारी आम्ही मोरव्याला तिच्या घरी गेलो. मी, चंदन आणि चंदनच्या मामाचा दुबईचा कॅमेरा.

घर खाडीला लागूनच. अंगणापुढे मोकळी जागा आहे, तिथे बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि बाजूला लाकडं ठेवायची एक खोप. वास म्हणशील तर विचारू नकोस. तिचा बाप धर्मा जाळं विणत बसला होता. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा खाली घातली. सुगंधा वाटेत सांगत होती की त्याला तिचं कॉलेज मुळीच पसंत नाही. पोरगी शिकवून काय माशांना इंग्रजी शिकवायची, असं म्हणतो. वरसाव्याचं एक स्थळ त्याने धरून ठेवलंय, बोट आहे त्यांची. सगळं अडलंय ते तिच्या आईमुळे, शांताबाईमुळे. तिने घरात सांगून ठेवलंय की पोर पदवी घेईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. का, तर मिठागराच्या कडेला त्यांची थोडी जमीन होती. एकाने कागद आणला, वाचून दाखवला की भाड्याने देताय, आणि धर्माने अंगठा केला. कागद विक्रीचा होता. तेव्हापासून शांताबाईचं एकच, घरात खरं वाचणारं एक माणूस पाहिजे. सुगंधा हे सांगताना रडवेली झाली. म्हणाली, पदवी राहिली तर माझं काहीच राहणार नाही गं सुरू. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. चंदन मागे तोंडात रुमाल कोंबून हसत होता.

आता गंमत ऐक. फोटो कॉलेजात लागणार म्हटल्यावर शांताबाई आत गेली आणि अर्धा तास बाहेरच येईना. आली ती अशी नटून, की मी बघतच राहिले. हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा, गळ्यात, कानात, हातात सोनं. त्यातलं निम्मं शेजारच्या हंसाचं, आणून घातलेलं. फोटो काढायचा तर सोन्याशिवाय काढायचा नाही, अशी त्यांच्यात रीत आहे म्हणे, नाहीतर घर बुडालं असं लोक समजतात. मी म्हटलं, मावशी, डोक्यावर लाकडाची मोळी घ्या ना. ती म्हणाली, 'आता गो? या लुगड्यावर?' सुगंधालाही ते बरं वाटेना. ती मला बाजूला घेऊन विचारायला लागली की फोटोखाली काय लिहिणार. मी म्हटलं, अगं, कष्टकरी स्त्रिया असा विभाग आहे. तुझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे हे. तिचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. धावत जाऊन तिनेच खोपीतून मोळी आणली आणि स्वतःच्या हाताने आईच्या डोक्यावर ठेवली.

पण लाकडं वाळकी, जुनी. फोटोत ती तिवराची आहेत हे कळणार कसं. तेव्हा चंदन मागे जाऊन चांगल्या दोन-तीन हिरव्या फांद्या तोडून आला आणि त्या मोळीत वर खोचल्या. एकदम ताजी कत्तल वाटायला लागली. शांताबाई म्हणाली, वल्ली लाकडं कोन जाळतं, धूर व्हतो. आम्ही म्हटलं, फोटोला हिरवं चांगलं दिसतं मावशी. मग ती हसली. तो फोटो असा आलाय ताई, की दिल्ली कुठे गेली नाही.

आता तुझं काम कर. शब्द पाठव. जहाल पाहिजेत.

तुझी
सुरू


नाशिक
२० नोव्हेंबर १९९४

प्रिय सुरू,

हे घे. मोठ्या अक्षरांत:

अंगावर सोनं, डोक्यावर खून.

खाली बारीक अक्षरांत, 'खाडीची ही मारेकरीण तुमच्या शेजारी राहते.' बस्स. यात एक अक्षरही बदलू नकोस. खोलीतल्या मुलींना ऐकवलं तर एक म्हणाली, अंगावर काटा आला. अशी दाद मला माझ्या कवितांना मिळत नाही.

आणि एक कर. सुगंधाच्या आईला प्रदर्शनाला बोलाव. रीतसर, निमंत्रणपत्रिका देऊन. तिला वाचता येत नाही ना. ती बिचारी फोटोखाली ऐटीत उभी राहील आणि लोक पाटी वाचून तिच्याकडे बघतील. सुगंधाचं तोंड तेव्हा कसं होतं ते मला सविस्तर कळव. मी असते तर तिकीट काढून आले असते.

मंडळी येऊन बघून गेली. मुलगा इंजिनियर आहे. मी निसर्गावर बोलले, ते त्यांना आवडलं.

तुझी
नीलमताई


पूनम सागर, मीरा रोड
१९ डिसेंबर १९९४

प्रिय नीलमताई,

पहिला नंबर. आधी हे वाच, मग पुढे.

आता सगळं नीट सांगते, कारण तुझ्या मनासारखं झालं आणि त्याहून जास्त झालं.

सुगंधाला मी मुद्दामच वरच्या हॉलमध्ये निवेदनाला बसवलं होतं, म्हणजे उद्घाटनापर्यंत तिने खालचं काही बघितलं नव्हतं. फोटो दाराशीच लावला, माणसाएवढा. खाली तुझे शब्द, लाल रंगात. शांताबाई दहा वाजताच हजर. एकटी नाही, मोरव्याच्या आठ-दहा बायका घेऊन, सगळ्या नटलेल्या, गजरे माळलेल्या, लग्नघरी आल्यासारख्या. रिक्षावाल्यांशी हिंदीत भांडून पैसे कमी करून घेतले त्यांनी, तेही दारातच. मग फोटो दिसला. शांताबाई अशी फुलली ताई. हात लावून बघायला लागली, स्वतःच्याच गालाला. हंसा म्हणाली, माजी पाटलीबी आली गो फोटोत. आमची मुलं पाटी वाचत होती, बाईकडे बघत होती आणि खांबाआड जाऊन हसत होती. जितेंद्रला तर उचकी लागली. एका मास्तरांनी तोंड फिरवलं आणि ते निघून गेले. बायका हसणाऱ्यांकडे बघून हसत होत्या. त्यांना वाटलं, कौतुकच चाललंय.

तेवढ्यात सुगंधा जिना उतरून आली. आईने लांबूनच हाक मारली, 'ये गो ये, वाच काय लिवलंय ते. या सगल्यांना ऐकू दे.' सुगंधा पाटीपुढे उभी राहिली. मी अगदी जवळ होते. तिने वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. रडेल, ओरडेल, पाटी फाडेल, असं मला वाटत होतं आणि त्याचीही मी तयारी ठेवली होती, चंदन कॅमेरा घेऊन उभा होता. तर ती काही नाही. आईकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, 'लिहिलंय, अंगावर सोनं, मनात खाडी. आमच्या कष्टाळू आया.'

बायका टाळ्या वाजवायला लागल्या. हंसा म्हणाली, फिरून वाच. तिने फिरून वाचलं, जसंच्या तसं. मान्य केलं पाहिजे, जागच्या जागी रचलं तिने. तुझ्याइतकं नाही, पण बरं होतं.

मला काय वाटलं असेल विचार कर. एवढी मेहनत आणि ही एका वाक्यात सुटली. आणि वर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मला विनवत होती की सुरू, आता तू काही बोलू नकोस. तेवढ्यात परीक्षक आले. बरोबर पाहुणे म्हणून कुठल्याशा खात्याचे साहेब होते. साहेबांनी फोटोपुढे थांबून विचारलं, ही काय कल्पना आहे. प्रमुख मी. माझ्या हातात माईक. परीक्षकांपुढे मी खोटं वाचू का? मी वाचलं. मोठ्याने, एक-एक शब्द, तू लिहिलेस तसे. मग खालची बारीक ओळही वाचली.

 मग शांताबाईने मला विचारलं, 'बाय, खून म्हंजी कुनाचा?' अगदी शांतपणे विचारलं तिने. मीही शांतपणेच सांगितलं, की मावशी, तुम्ही तिवरं तोडता ना, त्यांचा. आणि मारेकरीण म्हणजे ते करणारी, म्हणजे तुम्ही. तिने फोटोकडे बघितलं. मग सुगंधाला विचारलं, ही म्हनते तेच लिवलंय काय तितं. सुगंधाने मान हलवली. म्हणाली, आये, तुला वाईट वाटंल म्हनून मी...

ताई, यापुढचं मला शब्दन् शब्द पाठ झालंय. शांताबाई तिला म्हणाली, 'मना वाईट वाटू नये म्हनून तुला शालंत न्हाय घातली. खोटं वाचून येकानं जमीन नेली. आता माज्या पोटची खोटं वाचते.' एवढंच. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. माझ्यावर ती रागवेल असं मला वाटत होतं, पण तिने माझ्याकडे बघून मान डोलावली, आपण कुणी बरोबर हिशेब दिला की डोलावतो तशी. मग सुगंधाचा दंड धरला आणि सगळ्या बायका एका रांगेत बाहेर गेल्या. सुगंधाच्या छातीवर कार्यकर्तीचा बिल्ला होता, तो तसाच गेला. आम्हाला एक कमी पडला.

साहेब खूश होते. फोटोची एक प्रत त्यांनी मागून घेतली, जागाही विचारून घेतली. म्हणाले, विद्यार्थ्यांमध्ये एवढी जागृती असेल तर आम्हाला काम करायला बळ येतं. सरांनी मात्र माझं अभिनंदन केलं नाही. त्यांचं काय, ते आधीपासून तिच्याच बाजूचे. दिल्लीला फेब्रुवारीत जायचंय. थंडीचा कोट तुझा मिळेल का?

तुझी
सुरू


नाशिक
९ जानेवारी १९९५

प्रिय सुरुची,

अभिनंदन. कोट पाठवते आहे, अस्तर उसवलंय ते तुझ्या आईकडून शिवून घे.

पत्र वाचलं. खोलीत वाचून दाखवलं नाही. खरं सांगायचं तर मी ते शब्द गमतीने लिहिले होते. तू ते रंगवून दाराशी लावशील, वर त्या बाईच्या तोंडावर माईकवरून वाचशील, असं मला वाटलं नव्हतं. काही गोष्टी पत्रात लिहायच्या असतात, करायच्या नसतात, एवढी अक्कल तुला असेल असं मी धरून चालले. आईला बोलाव असं मी म्हटलं होतं हे मला आठवत नाही. म्हटलं असेन तर ती चेष्टा होती.

मला रात्री झोप लागली नाही, हे तुला सांगते. ती मुलगी दोनदा जसंच्या तसं वाचते, हे डोळ्यांपुढून हलत नाही. तिने काही जिवाचं बरंवाईट केलं तर? कॉलेजात येते का ती? तिच्या घरी जाऊन एकदा बघून ये. माफी माग असं मी म्हणत नाही, पण जाऊन ये.

आणि मुख्य म्हणजे, ते शब्द माझे आहेत असं तू कुठे बोलली नाहीस ना? सरांना, त्या चंदनला, कुणालाही? माझा साखरपुडा पंचवीस तारखेला आहे. मुलाची आई आदिवासी मुलींसाठी वसतिगृह चालवते. त्यांच्या कानावर असलं काही गेलं तर उगाच गैरसमज होईल. माझी ती दोन पत्रं फाडून टाक आणि फाडली असं कळव.

नीलम


पूनम सागर, मीरा रोड
२४ एप्रिल १९९५

प्रिय नीलमताई,

साखरपुड्याला नुसतं 'सुरुची' अशी हाक मारलीस आणि वाढपाला लावलंस, तेव्हाच मला कळलं. बरं. शब्द तुझे, आणि आता हात मात्र माझे एकटीचे. चोर तो चोर वर शिरजोर. पत्रं मी फाडली नाहीत. घाबरू नकोस, दाखवणारही नाही. पण तुला झोप लागत नाही वाचून मला बरं वाटलं, हे कशाला लपवू.

दिल्ली छान झाली. एम.एस्सी.च्या फॉर्मवर सरांची शिफारस लागते, ती त्यांनी दिली नाही, पण प्राचार्यांनी दिली. भागलं.

सुगंधा जिवंत आहे, काळजी करू नकोस. कॉलेजात त्या दिवसानंतर आली नाही. तिचं नाव हजेरीवर मार्चपर्यंत होतं, सर रोज पुकारायचे आणि थांबायचे, आम्हाला कंटाळा यायचा. परीक्षेचा फॉर्म तिने भरला नाही. मी काही तिच्या घरी गेले नाही. पण तिच्या घरचेच माझ्याकडे आले, तेच सांगायला हे पत्र.

गेल्या महिन्यात एका दुपारी बेल वाजली. आई झोपली होती. दार उघडते तर शांताबाई, हातात एक सरकारी कागद. मला धडकीच भरली, वाटलं भांडायला आली. ती म्हणाली, 'बाय, तू खरं वाचतंस. माज्या तोंडावर वाचलंस. म्हनून तुज्याकडं आलू.' मी विचारलं, सुगंधा कुठाय. तर खाली उभी होती, आईने तिला वर आणलंच नव्हतं. मी गॅलरीतून बघितलं, टाकीच्या सावलीत उभी होती, वर बघत नव्हती. शांताबाई म्हणाली, घरातला कागद तिच्या हाती देत न्हाय आता. एकदा खोटं वाचलं ते वाचलं. धर्मा म्हनतो लगीन लावून टाक, मीबी म्हनलं लाव.

ताई, कागद साहेबांच्या खात्याचा होता. आपल्या फोटोमुळेच निघालेला. किनाऱ्याच्या नियमाप्रमाणे भरतीच्या रेषेच्या आतली वाळवणाची जागा आणि लाकडांची खोप काढून टाकणार, असं त्यात होतं. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. आपण कॉलेजात तक्ते रंगवतो आणि त्याचं असं खरोखर काही होतं, हे पहिल्यांदा बघितलं. मी तिला सगळं वाचून सांगितलं, तारखेसकट. ती ऐकत होती. खाली दुसरा परिच्छेद होता. पिढीजात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना यातून सूट मिळू शकते, त्यांनी तीस दिवसांत लेखी हरकत घ्यावी, पुरावा जोडावा, ऐकून घेतल्याशिवाय जागा काढली जाणार नाही.

हा मी आधी मनातच वाचला. विचार केला, हे वाचलं तर ही उद्याच सगळं गाव घेऊन साहेबांच्या दारात बसणार. सूट मिळणार, पुन्हा तिवरं तुटणार, आणि मग आपण एवढं केलं ते कशासाठी. नियम चांगला आहे, पण त्यात अशी पळवाट ठेवली की संपलं. सर्वेक्षणात सगळ्या विद्यार्थ्यांनी कडक अंमलबजावणीच मागितली होती, तो तक्ता माझ्या डोक्यावर भिंतीला लावलेलाच होता. तिने बोट ठेवून विचारलं, आनि ह्या खाली काय लिवलंय. मी म्हटलं, खाली साहेबांची सही आणि पत्ता आहे मावशी, बाकी काही नाही. ती म्हणाली, 'मंग करायचं काय न्हाय?' मी म्हटलं, नाही. तिने कागदाची घडी केली, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, तुज्या आयनं नशीब काडलं.

मी गॅलरीतून बघत होते. सुगंधाने खाली गेल्या गेल्या कागदासाठी हात पुढे केला. शांताबाईने तो कंबरेला खोचला आणि चालायला लागली. सुगंधा दोन पावलं मागे राहिली, मग गेली तिच्या मागून. आता तूच सांग, यात माझं काय चुकलं. मी काही जमीन लाटली नाही कुणाची. आणि मला रात्री झोप चांगली लागते.

हरकतीची मुदत गेल्या सोमवारी संपली. पुढच्या सोमवारी सुगंधाची हळद आहे, स्थळ तेच, वरसाव्याचं. शांताबाई स्वतः येऊन आमंत्रण करून गेली, कॉलेजातली मी एकटीच बोलावलेली. त्यांच्यात हळदीला फार नटून जायचं असतं, तेव्हा मी काय नेसू ते उलट टपाली कळव.

तुझी
सुरू